ख्रिस्ती माणसाने राजकारणाकडे कसं बघायचं? ‘सगळ्यांचं भलं’ ही कल्पना सोप्या भाषेत

निवडणूक जवळ आली की चर्चमध्ये दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे राजकारण हा चिखल आहे, आपण त्यात पडायचं नाही, प्रार्थना करायची आणि आपलं आपलं बघायचं. दुसरं म्हणजे आपला माणूस निवडून आला पाहिजे, म्हणजे आपल्या लोकांची कामं होतील. ऐकायला ही दोन्ही मतं एकमेकांच्या एकदम उलट वाटतात, पण नीट बघितलं तर दोन्हींच्या मध्यभागी आपणच बसलेलो आहोत, एकात आपण स्वच्छ राहायचंय आणि दुसऱ्यात आपल्याला मिळायला हवंय. ख्रिस्ती विचारात दोन हजार वर्षं जो प्रश्न पुन्हा पुन्हा वर येतो तो मात्र वेगळा आहे. या निर्णयाने सगळ्यांचं काय होणार आणि त्या सगळ्यांत जो सगळ्यात शेवटी उभा आहे त्याचं काय होणार, हा तो प्रश्न. मला वाटतं ख्रिस्ती लोक राजकारणात जिथे जिथे चुकले तिथे ते हाच प्रश्न विसरले होते, आणि हे कसं ते पुढे बघू.

आधी ‘सगळ्यांचं भलं’ म्हणजे काय, कारण खरा गोंधळ इथेच होतो. बऱ्याच जणांचा समज असा की ज्यात जास्तीत जास्त लोकांचा फायदा ते सगळ्यांचं भलं. म्हणजे शंभरातल्या नव्वद जणांचं चांगलं झालं आणि दहा चिरडले गेले तरी एकूण हिशोब फायद्यातच. ख्रिस्ती विचाराला हा हिशोब मान्य नाही, कारण उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात लिहिलंय की माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, आणि ते प्रत्येक माणसाबद्दल लिहिलंय, त्यामुळे त्या दहा जणांना आकडा म्हणून वजा करताच येत नाही. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, याची व्याख्या दिली ती साधारण अशी, की समाजातली अशी सगळी परिस्थिती जिच्यामुळे माणसांना, एकेकट्याला आणि गटांनासुद्धा, स्वतःच्या पूर्णत्वाला पोचणं जास्त सोपं होतं. हे जड वाटत असेल तर मिळून गाणाऱ्या लोकांचा विचार करा, गाणं सगळ्यांचं मिळून होतं, कुणी आपला वाटा कापून घरी नेऊ शकत नाही, आणि एकाला तोंड दाबून गप्प बसवलं तर गाणं सगळ्यांचंच बिघडतं. शांतता, खरा न्याय देणारी कोर्टं, श्वास घेता येईल अशी हवा, रात्री एकट्या बाईला रस्त्याने निर्धास्त चालता येणं, हे सगळं त्याच जातीचं. एकट्याने विकत घेता येत नाही, आणि एकाला नाकारलं की दुसऱ्याचंही पक्कं राहत नाही.

आता बायबल राजकारणाबद्दल काय म्हणतं? एका वाक्यात सांगता येत नाही, आणि जो एका वाक्यात सांगतो त्याच्यापासून जरा जपूनच राहावं. जुन्या करारात इस्राएल लोक राजा मागायला लागतात तेव्हा शमुवेल संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, त्यांना सांगतो की बाबांनो, राजा तुमची पोरं सैन्यात नेईल, मुली स्वयंपाकाला नेईल, चांगली शेतं आणि मळे काढून आपल्या चाकरांना देईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल आणि शेवटी तुम्हीच त्याचे गुलाम व्हाल. म्हणजे सत्तेबद्दल संशय पहिल्यापासूनच आहे. पण तिथेच राजाकडून अपेक्षाही आहेत, त्याने दुबळ्यांचा न्याय करावा, विधवेला आणि अनाथाला वाऱ्यावर सोडू नये. आणि राजा चुकला तर त्याला तोंडावर सांगणारा संदेष्टा असतो. दावीद राजाला नाथान ‘तूच तो माणूस’ म्हणून सांगतो. अहाब राजाला एलीया सांगतो, आणि अहाबाची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते कारण ती जमिनीची गोष्ट आहे. राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा, राजाला तो भाजीच्या बागेसाठी हवा, नाबोथ म्हणतो वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. मग राणी ईजबेल खोटे साक्षीदार उभे करते, रीतसर खटला चालतो, रीतसर शिक्षा होते, नाबोथाला दगडमार करून मारतात आणि जमीन राजाच्या ताब्यात. कागदावर सगळं कायदेशीर दिसेल असं. आणि देवाचा संदेष्टा नेमका तिथेच, त्याच मळ्यात, राजाला गाठतो आणि विचारतो, तू खून करून वतन बळकावलंस ना?

नियमशास्त्रातही हाच सूर आहे. शेताच्या कडा पूर्ण कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जाऊ द्या, कारण जमीन माझी आहे असं देव म्हणतो, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे आहात. तुमच्यात राहणाऱ्या परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा. हे सगळं लेवीय पुस्तकात आहे, आणि हे दान करा म्हणून केलेलं आवाहन नाहीये हे लक्षात घ्या. हा कायदा आहे, गरिबाचा त्या कणसांवर हक्क आहे.

आणि मग यिर्मयाचं पत्र. माझ्या मते या सगळ्या विषयाची चावी तिथे आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेममधली माणसं पकडून आपल्या देशात नेली. तिथे ती परकी, हरलेली, चिडलेली. इकडे एक संदेष्टा छातीठोकपणे सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मयाने त्या कैद्यांना पत्र लिहिलं की असं काही होणार नाही, सत्तर वर्षं लागतील, तेव्हा घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला कैद करून नेलंय त्या नगराचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. ज्यांनी आपलं घर उद्ध्वस्त केलं त्यांच्या शहराचं हित बघायचं, आणि तेसुद्धा ते शहर आपल्या धर्माचं होईल या अटीवर नाही. ख्रिस्ती लोक अल्पसंख्य असोत की बहुसंख्य, ही आज्ञा तीच राहते.

नव्या करारात आलं की लोक लगेच नाण्याची गोष्ट काढतात. कैसराला, म्हणजे रोमी सम्राटाला, कर द्यायचा की नाही असं विचारून येशूला पेचात पकडायचा डाव होता, हो म्हटलं तर लोक चिडणार, नाही म्हटलं तर रोमी सरकार पकडणार. येशू नाणं मागवतो, यावर मुद्रा कुणाची विचारतो, आणि म्हणतो कैसराचं ते कैसराला द्या आणि देवाचं ते देवाला. यावरून बरेच जण म्हणतात की झालं, धर्म वेगळा, राजकारण वेगळं, विषय संपला. पण तिथे ऐकणाऱ्या प्रत्येक यहूद्याला माहीत होतं की माणसावर मुद्रा कुणाची आहे. नाण्यावर कैसराची, माणसावर देवाची. म्हणजे कैसराला पैसा द्या, माणूस देऊ नका. राज्याला मर्यादा आहे, असं ते उत्तर सांगतं.

तीच ओढाताण पुढेही दिसते. पौल रोमकरांस पत्रात, साधारण इ.स. 57 च्या आसपास, लिहितो की अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, ते देवाने नेमलेले आहेत. हा तेरावा अध्याय जगातल्या प्रत्येक हुकूमशहाला फार आवडतो. पण त्यातच लिहिलंय की अधिकारी हा तुझ्या हितासाठी देवाचा सेवक आहे, म्हणजे त्याच्या अधिकाराचं कामही तिथेच नेमून दिलंय. आणि प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात सत्ता हे समुद्रातून वर आलेलं श्वापद आहे, लोकांनी आपल्याला नमन करावं म्हणणारं. एकाच बायबलमधले हे दोन तेरावे अध्याय. राज्य सेवक असू शकतं आणि श्वापदही होऊ शकतं, आणि समोरचं राज्य यातलं कुठलं हे ओळखायची जबाबदारी विश्वास ठेवणाऱ्यावर आहे. पेत्राने न्यायसभेसमोर सांगितलंच होतं, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे.

एक प्रसंग मात्र राजकारणाच्या चर्चेत कुणी काढत नाही आणि मला तो काढायचाच आहे. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेममधली पहिली मंडळी, रोज गरजूंना अन्न वाटलं जायचं, आणि ग्रीक भाषा बोलणाऱ्या लोकांनी कुरकुर सुरू केली की आमच्या विधवांना वगळलं जातंय. आता असं झालं की आपण सहसा काय करतो? गप्प बसा म्हणतो, एकी मोडू नका म्हणतो, किंवा एक समिती नेमतो जिच्यात सगळी आपलीच माणसं. प्रेषितांनी सगळ्या मंडळीला बोलावलं आणि सात माणसं निवडायला सांगितली, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव. ही सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातात वाटपाचा कारभार दिला गेला असं दिसतं. कायदा नाही, पक्ष नाही, सरकार नाही, पण हे राजकारणच आहे, आणि मला तरी इतकं धाडसी राजकारण फार कमी ठिकाणी दिसलंय.

पहिली तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांकडे सत्ता नव्हती. त्या काळात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन साधारण 212 मध्ये रोमी अधिकाऱ्याला लिहितो की ज्याला जे पटेल त्याची उपासना करणं हा माणसाचा हक्क आहे आणि धर्म जबरदस्तीने लादणं हे धर्माचं काम नाही. मग 313 मध्ये कॉन्स्टंटाईनच्या काळात छळ थांबला आणि 380 मध्ये थिओडोशियसने ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म करून टाकला. सत्तर वर्षांत छळ सोसणारे छळ करू शकतील अशा जागी जाऊन बसले. तर्तुल्यनचं म्हणणं बाजूला पडलं ते शेकडो वर्षं. 1612 मध्ये इंग्लंडमधल्या थॉमस हेल्विसने, जो बॅप्टिस्ट होता, राजाला सांगितलं की यहूदी असो, तुर्क (म्हणजे मुसलमान) असो, पाखंडी असो, कुणाच्याही विश्वासावर राजाचा अधिकार नाही, आणि तो तुरुंगात मेला. बघा, तो फक्त स्वतःच्या गटासाठी मोकळीक मागत नव्हता. कॅथलिक चर्चने धार्मिक स्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क म्हणून जाहीर केलं ते 7 डिसेंबर 1965 ला. उशीर झाला, फार उशीर झाला.

सत्ता आणि विश्वास यांच्या नात्यावर सगळ्यात खोल विचार केला तो उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीन या बिशपने. 410 मध्ये रोम शहर लुटलं गेलं, लोक म्हणायला लागले की जुने देव सोडले म्हणून ही वेळ आली, आणि त्याला उत्तर म्हणून त्याने ‘देवाचं नगर’ हा बावीस भागांचा ग्रंथ लिहायला घेतला. त्यात तो एक किस्सा सांगतो. सिकंदरासमोर एक समुद्री लुटारू पकडून आणतात, राजा विचारतो तू समुद्रात लोकांना त्रास का देतोस, तर तो म्हणतो तू जगाला का देतोस त्याच कारणाने, माझ्याकडे छोटं जहाज आहे म्हणून मी लुटारू आणि तुझ्याकडे मोठं आरमार आहे म्हणून तू सम्राट. न्याय काढून घेतला तर राज्यं म्हणजे मोठ्या लुटारूंच्या टोळ्याच, असं ऑगस्टीन सरळ म्हणतो. पण तो तिथे थांबत नाही. तो म्हणतो एखादा समाज कसा आहे हे ओळखायचं असेल तर तो कशावर प्रेम करतो ते बघा. आणि देवाचं नगर आणि पृथ्वीवरचं नगर या जगात मिसळलेली आहेत, त्यांना आत्ता वेगळं करता येत नाही, त्यामुळे या जगातली शांतता अपुरी असली तरी ती खरी चांगली गोष्ट आहे आणि ख्रिस्ती माणसाने ती जपायला हात लावायचाच. आणि इथे तो आधार घेतो तो यिर्मयाच्या त्याच पत्राचा. यातून दोन्ही टोकं कापली जातात, कुठलाही पक्ष किंवा देश म्हणजे देवाचं राज्य नव्हे, आणि तरी पळून जायलाही परवानगी नाही.

मध्ययुगातला धर्मशास्त्री थॉमस अक्वायनस याचं फक्त एक सांगतो. खाजगी मालमत्ता ठेवायला त्याची हरकत नव्हती, पण तो म्हणाला की पृथ्वीवरच्या वस्तू मुळात सगळ्यांच्या गरजेसाठी आहेत, आणि जिवावर बेतलेल्या माणसाने दुसऱ्याच्या जादाच्या साठ्यातून गरजेपुरतं घेतलं तर ती चोरी ठरत नाही.

सोळाव्या शतकात वाटा फुटल्या. जर्मन धर्मसुधारक ल्यूथर म्हणाला देव जग दोन हातांनी चालवतो, चर्चमधून वचनाने आणि सरकारमधून तलवारीने, आणि दोन्हींची सरमिसळ करू नका. यात शहाणपण होतं पण धोकाही होता, 1525 च्या शेतकरी उठावात त्याने राजेलोकांच्या बाजूने जे भयंकर शब्द वापरले ते आजही वाचवत नाहीत. अ‍ॅनाबॅप्टिस्ट (मोठेपणी, स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घ्यायचा असं मानणारे) म्हणाले तलवारीला आम्ही हातच लावणार नाही, 1527 ला श्लाइटहाइम इथे त्यांनी तसं लिहून काढलं आणि त्यातल्या कित्येकांनी त्यासाठी जीव दिला. दुसरा सुधारक कॅल्विन, त्याच्या परंपरेतले (रिफॉर्म्ड) लोक म्हणाले कायदा आणि सरकारसुद्धा देवाच्या गौरवासाठी सुधारायचं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सम्राट आणि चर्च यांनी एकमेकांच्या सुरात चालावं असा आदर्श होता. आजही दोन ख्रिस्ती माणसं राजकारणावरून भांडतात तेव्हा यातलीच एखादी जुनी वाट त्यांच्या मागे असते, त्यांना ती माहीत नसली तरी.

मग कारखाने आले, आणि गरिबी पूर्वी कधी नव्हती इतकी शहरात गोळा झाली. 1891 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढलं, लॅटिनमधल्या पहिल्या शब्दांवरून त्याला रेरुम नोवारुम म्हणतात. मालमत्तेचा हक्क त्यांनी मानला, पण मजुराला घर चालेल इतकी मजुरी मिळालीच पाहिजे आणि कामगारांना संघटना करायचा हक्क आहे असं ठामपणे सांगितलं, आणि मजूर पोटासाठी कमी पैशावर तयार झाला म्हणून तो करार न्याय्य होत नाही हेही सांगितलं. हा मुद्दा आजही तितकाच टोचणारा आहे. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये अब्राहम कायपर, जो पाळक होता, पक्षनेता होता आणि पुढे 1901 ते 1905 पंतप्रधान होता, त्याने गरिबीच्या प्रश्नावर मोठं भाषण केलं की दानधर्म पुरेसा नाही, समाजाची रचनाच तपासायला हवी. हाच कायपर पंतप्रधान झाल्यावर 1903 मध्ये रेल्वे कामगारांच्या संपाविरुद्ध कडक कायदे आणतो. विचार बरोबर असून सत्तेत गेल्यावर माणूस कुठे घसरू शकतो याचं हे उदाहरण आहे.

पोपची कॅथलिक आणि कायपरची रिफॉर्म्ड, या दोन परंपरांतून एक खूप उपयोगी गोष्ट आली. सरकार आणि एकटा माणूस यांच्यामध्येही बरंच काही असतं, कुटुंब, शाळा, कामगार संघटना, मंडळी, शेजार, सहकारी संस्था. कायपर म्हणायचा या प्रत्येक क्षेत्राला देवाने थेट अधिकार दिलाय, सरकारने तो गिळायचा नाही. पोप पायस अकरावे यांनी 1931 मध्ये, जेव्हा इटलीत मुसोलिनीची सत्ता होती, लिहिलं की जे काम खालच्या लहान गटाला जमतं ते वरच्याने हिसकावून घेणं हा अन्याय आहे. पण याचा अर्थ सरकारने हात झटकावेत असा काढू नका, खालच्याला जमत नसेल तर वरच्याने मदत करायचीच, फक्त त्याला आपल्या पायावर उभं करण्यासाठी. जवळच्यांनी ठरवायचं आणि सगळ्यांनी एकमेकांचं ओझं उचलायचं, या दोन्ही गोष्टी सोबत लागतात. नुसती पहिली घेतली तर ज्याचा शेजारच गरीब त्याला कुणी वाली नाही, आणि नुसती दुसरी घेतली तर सगळं एका ऑफिसातून चालायला लागतं आणि माणूस फाईल होतो.

दान आणि न्याय यातला फरक कळायला येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घ्या. वाटेत लुटलेला, अर्धमेला माणूस, याजक आणि लेवी बाजूने निघून जातात, आणि ज्याला यहुदी लोक तुच्छ मानायचे तो शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, उतारशाळेत नेतो, खर्च करतो. इथवर सगळ्यांना मान्य. अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे पाळक मार्टिन लूथर किंग यांनी 1967 मध्ये याच्या पुढचं सांगितलं, की रस्त्याच्या कडेला शोमरोनी होणं ही फक्त सुरुवात आहे, एक दिवस आपल्याला कळलं पाहिजे की यरीहोचा अख्खा रस्ताच बदलायला हवा, म्हणजे त्यावरून जाणारी माणसं रोज रोज लुटली जाणार नाहीत. जखम बांधणं म्हणजे सेवा आणि रस्ता सुरक्षित करणं म्हणजे राजकारण, आणि दोन्हीही शेजारप्रीतीच. ज्या मंडळीत सेवा भरपूर आणि रस्त्याबद्दल एक शब्द नाही तिथे काहीतरी राहून जातंय.

किंग हे बोलू शकत होते कारण त्यांच्यामागे मंडळ्या होत्या. 1955 च्या डिसेंबरमध्ये माँटगोमेरीत काळ्या लोकांनी सिटी बसवर बहिष्कार टाकला तो 381 दिवस चालला, आणि तो चालला चर्चमधल्या सभांवर, चर्चने लावलेल्या गाड्यांवर, उपासनेत दानाच्या प्लेटमध्ये गोळा झालेल्या पैशांवर. गाणी, उपदेश, डबे, पेट्रोल, सगळं एकाच ठिकाणाहून. आणि 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी जे पत्र लिहिलं ते आठ धर्मगुरूंना होतं, जे म्हणत होते थोडं थांबा, घाई करू नका. दुखावलं ते उघड शत्रूंपेक्षा या शांतताप्रिय भल्या माणसांनी जास्त.

आता जिथे आपण हरलो ते. हे टाळून ख्रिस्ती राजकारणावर लिहिणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

गुलामगिरी घ्या. ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स आणि त्याच्या साथीदारांनी वर्षानुवर्षं झगडून 1807 मध्ये ब्रिटिश गुलामव्यापार बंद करवला आणि 1833 मध्ये गुलामगिरीच रद्द करणारा कायदा झाला, आणि हे चर्चमध्ये अभिमानाने सांगितलं जातं ते बरोबरच आहे. पण गुलाम ठेवणारेही बायबलच दाखवत होते. चर्च ऑफ इंग्लंडच्या मिशन संस्थेच्या मालकीचे बार्बाडोसमध्ये उसाचे मळे होते आणि तिथे गुलाम राबत होते. आणि कायदा झाला तेव्हा सरकारने 2 कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना. ज्यांना गुलाम केलं होतं त्यांना एक पेनीही नाही, उलट ‘शिकाऊ’ म्हणून त्यातल्या बऱ्याच जणांना 1838 पर्यंत फुकट राबावं लागलं. भरपाई कुणाला द्यायची हे ठरवताना शेवटी उभा असलेला माणूस खोलीतच नव्हता.

दक्षिण आफ्रिकेचं तर याहून शिकण्यासारखं आहे. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने 1829 मध्ये ठरवलं होतं की प्रभुभोजन सगळ्यांना एकत्रच दिलं जाईल, रंगावरून भेद नाही. मग काही गोऱ्या सभासदांना शेजारी बसायला जड जायला लागलं. 1857 मध्ये सिनडने, म्हणजे त्या चर्चच्या मुख्य सभेने, म्हटलं की खरं तर एकत्रच असायला पाहिजे, पण काहींच्या दुर्बलतेमुळे वेगळी उपासना चालेल. 1881 मध्ये गोरे नसलेल्यांसाठी वेगळं चर्चच निघालं. नंतर त्या सवयीला धर्मशास्त्र जोडलं गेलं, त्यात कायपरच्या ‘वेगळी क्षेत्रं’ या विचाराचाही वापर झाला, आणि 1948 नंतर तेच देशाचं धोरण झालं, वर्णभेद, माणसं कुठे राहतील, कुणाशी लग्न करतील सगळं रंगावरून. प्रभूच्या मेजावरून सुरुवात झाली होती ती तिथपर्यंत गेली. पुढे 1982 मध्ये जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चेसच्या संघाने वर्णभेदाचं समर्थन करणारी शिकवण पाखंड आहे असं ठरवलं, आणि त्याच वर्षी वेगळ्या काढलेल्या त्या चर्चने बेलहारचं विश्वासपत्र तयार केलं, जे 1986 ला स्वीकारलं गेलं, की देव अन्यायाने भरलेल्या जगात विशेषतः निराधार, गरीब आणि अन्याय सोसणाऱ्याचा देव आहे. म्हणून मंडळीत कोण कुणाशेजारी बसतो, कोण ठरवतो, कुणाच्या हातात किल्ल्या आहेत याला मी लहान विषय मानत नाही. प्रेषितांच्या सहाव्या अध्यायात मंडळीने एक रस्ता घेतला, 1857 मध्ये बरोबर उलटा घेतला.

तिसरं उदाहरण जर्मनीचं. 1934 मध्ये बार्मेन इथे काही पाळक आणि धर्मशास्त्री जमले आणि त्यांनी जाहीर केलं की चर्चचा प्रभू ख्रिस्तच, दुसरा कुठला पुढारी नाही. हिटलरच्या राज्यात हे म्हणायला छाती लागते. पण त्या जाहीरनाम्यात यहुद्यांचा उल्लेख नाही. चर्चच्या स्वातंत्र्यासाठी आवाज उठला, शेजाऱ्याच्या जिवासाठी नाही. तो लिहिणाऱ्यांत मुख्य असलेल्या कार्ल बार्टला नंतर याची खंत वाटली. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफरने मात्र 1933 मध्येच लिहिलं होतं की अन्याय करणाऱ्या राज्यापुढे चर्चला तीन गोष्टी करता येतात, आधी राज्याला विचारायचं की तू तुझं काम करतोयस का, मग चाकाखाली सापडलेल्यांची सेवा करायची, आणि ते ख्रिस्ती नसले तरी करायची, आणि वेळ आली तर चाकातच अडसर घालायचा. त्याला 9 एप्रिल 1945 ला फाशी झाली.

हे तिन्ही प्रसंग एकत्र बघितले की फरक लक्षात येतो. माणसं वाईट होती असं नाही, बरीचशी प्रार्थनाशील होती, पण ‘सगळ्यां’मध्ये कोण कोण येतं ही यादी त्यांनी आधीच छोटी करून ठेवली होती. उलट मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर देशातले आर्चबिशप ऑस्कर रोमेरो बघा, 23 मार्च 1980 च्या उपदेशात त्यांनी सैनिकांना सांगितलं की तुम्ही तुमच्याच भावांना मारताय, देवाच्या नियमाविरुद्धचा हुकूम पाळायचं बंधन कुणावर नाही, दडपशाही थांबवा. दुसऱ्या दिवशी मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, करत असताना त्यांना गोळी घातली. ते कुठल्या पक्षासाठी मत मागत नव्हते, चर्चसाठी सवलतही मागत नव्हते.

मग आज साध्या माणसाने काय करायचं? बायबल कराचा दर सांगत नाही, दवाखाने सरकारने चालवावेत की खाजगी संस्थांनी हेही सांगत नाही, आणि दोन प्रामाणिक विश्वासू माणसं यावर वेगवेगळी मतं देऊ शकतात, त्यात काही पाप नाही. एकाला वाटेल गरिबाला मदत सरकारनेच करावी कारण हक्क म्हणून मिळालेली मदत माणसाची मान खाली घालत नाही, दुसऱ्याला वाटेल की जवळच्या लोकांनी केलेली मदत जास्त माणुसकीची असते. हा वाद चांगला आहे, तो चालू दे. पण गरिबाचं काय होतं याने आपल्याला फरक पडत नाही असं मात्र दोघांपैकी कुणालाच म्हणता येत नाही. उमेदवार बघताना मी स्वतः असे प्रश्न विचारतो, याच्या धोरणाने ज्याचं मत मोजलंच जात नाही त्याचं काय होईल, लहान मूल, आजारी म्हातारा, तुरुंगातला माणूस, परक्या देशातून आलेला मजूर, अजून न जन्मलेली पिढी. हा शेजाऱ्याबद्दल खरं बोलतो का, कारण खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा प्रचारसभेतही लागू आहे, आणि मोबाईलवर पुढे ढकललेल्या मेसेजलाही. आणि हा माझ्या धर्माच्या लोकांना जे देतो म्हणतो तेच दुसऱ्या धर्माच्या लोकांनाही देईल का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल तर बाकी कितीही गोड बोलला तरी मला तो यिर्मयाच्या पत्रात बसत नाही.

पाळकाने व्यासपीठावरून कुणाला मत द्या हे सांगावं का, हे खूप जण विचारतात. माझं उत्तर नाही. पक्षाचं नाव घेतलं की त्या दिवसापासून उपदेशक त्या पक्षाच्या चुकांना बांधला जातो, नाथान एकदा दावीदाच्या प्रचाराला गेला की ‘तूच तो माणूस’ हे त्याच्या तोंडून निघणार नाही, आणि समोर बसलेल्यांपैकी ज्यांचं मत वेगळं आहे त्यांना प्रभुभोजनाला येताना आपण या घरचे नाही असं वाटायला लागतं. पण मजुरी बुडवणं, खोटं पसरवणं, एखाद्या जमावाने माणसाला मारणं, यावर बोलायचं, नाव घेऊन बोलायचं, आणि ते आपल्या आवडत्या पक्षाच्या काळात घडलं असेल तर आणखी स्पष्ट बोलायचं. मंडळीतल्या लोकांनी नगरपालिकेच्या सभेला जावं, शाळेच्या समितीवर बसावं, संघटनेत काम करावं, वेगळ्या धर्माच्या आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्या लोकांसोबत मिळून पाण्याचा प्रश्न सोडवावा. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आहे असं लिहिलंय, आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी गेलंय. तो अध्याय वाचल्यावर पुढच्या रविवारी मंडळीच्या आवारातल्या झाडूवाल्याला महिन्याला किती पैसे मिळतात हे विचारायला काही हरकत नाही.